बारकी वेळेवर बाहेर पडली

आमच्या लॅबमध्ये दात बनतात. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओततो, मेण लावतो, कवळ्या घडवतो. खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी मुलगी वयानं सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नाव पडलं बारकी. समोरच्या एका दाताचा रंग जुळवायला आम्ही पुन्हा पुन्हा भट्टी पेटवायचो, तो ती एका फटक्यात जमवायची. पण प्लास्टरची धूळ तिला सोसायची नाही. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या कारागिराला खोकल्याची उबळ आली की ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहायची.

"मला असं म्हातारं व्हायचं नाहीये गं," ती मला म्हणायची.

शेअरबाजाराचं वेड तिला तिथूनच लागलं. वेड हा आमचा शब्द. ती रीतसर शिकायला गेली होती, आणि तीही सख्ख्या मामाकडे. मामाचं अख्खं आयुष्य एका दलालाच्या कचेरीत लोकांचे सौदे टाकण्यात गेलेलं. कितीतरी माणसं त्यानं उभी राहताना आणि आडवी होताना पाहिली होती. एकदा तो स्वतःही पार सपाट झाला होता, आणि ते तो लपवत नसे.

"मामा, कुठला शेअर घेऊ?" पहिल्याच रविवारी हिनं विचारलं.

"काहीही घ्यायचं नाही. एक कंपनी निवड आणि नुसती बघ. ती काय बनवते, ते कोण विकत घेतं, नफा कुठून येतो, भाव कशानं हलतो."

"किती दिवस?"

"कंटाळा येईपर्यंत. मग त्यापुढे आणखी थोडे."

तिनं नळ बनवणारी एक कंपनी निवडली. मग काय विचारता! कुणाच्याही घरी गेली की आधी मोरीत शिरून तोटीवरचा छाप बघायची. आम्ही तिला प्लंबर म्हणून चिडवायचो.

पुढे मामानं नुसते वहीत लिहायचे, खोट्या पैशांचे सौदे सुरू केले. काही घ्यायचं झालं तर ते का घ्यायचं हे आधी त्याला मोठ्यानं सांगायचं. सांगताना अडखळली की सौदा रद्द.

"आत शिरायच्या आधी बाहेरचा दरवाजा कुठाय ते बघून ठेवायचं," मामा म्हणायचा. "भाव अमुक इतका खाली आला म्हणजे मी चुकले, हे आधी ठरवायचं. तो आला की वाद घालायचा नाही, विकून मोकळं व्हायचं. आणि पैसे असे लावायचे, की बुडाले तर रडू येईल, पण घर हलणार नाही."

हिवाळा सरता सरता मामाला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द उरला. पाणी हवं का? "हो हो." नको का? "हो हो." पंखा लावू? बंद करू? "हो हो." कधी कधी त्याचं त्यालाच हसू यायचं आणि हसता हसता डोळे भरायचे.

बारकी एकटी पडली, पण थांबली नाही. पगारातले थोडे पैसे बाजूला काढून तिनं पहिला खरा सौदा केला. नळवाल्या कंपनीचाच. तो लाभला. पुढचे दोन-तीनही लाभले. घरात या गोष्टीची चौकशी करणारं माणूस एकच, तिचे बाबा. ते मालधक्क्यावर क्रेन चालवायचे, निवृत्तीला आलेले. चहा पिताना सहज विचारायचे, "काय बाई, आज काय घेतलंस?" ही कौतुकानं सांगायची. आपलं कुणी ऐकतंय, यातच तिला सुख होतं.

मग तिनं गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचे शेअर घेतले. बाबांना तेही सांगितलं. काही दिवसांनी भाव घसरला आणि तिनं ठरवलेल्या आकड्याला येऊन टेकला. हातमोजे काढून ती जिन्यात गेली, फोनवरून विकून परत आली.

"चुकले," मला म्हणाली, "पण नीट चुकले. मामाला सांगता आलं असतं तर खूश झाला असता."

तिचा चेहरा उजळला होता. पैसे गमावून असं हसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात, सगळे जेवायला बसलेले असताना बाबा म्हणाले, "आपली ती बॅटरीवाली कधी वर येणार गं?"

"आपली?"

"अगं, तू घेतलीस तशी मीही घेतली. तुझं सगळं बरोबर येत होतं ना! खाली आली तेव्हा आणखी घेतली. म्हटलं, स्वस्तात मिळतेय."

"बाबा, मी ती केव्हाच विकली."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मग मला सांगायचं नाही?"

"तुमच्याकडे आहे हे मला काय माहीत!"

"किती घातलेत?" आईनं विचारलं.

 बाबांची नजर आईच्या गुडघ्यांवर गेली. त्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे ते. आईला न सांगताच कळलं.

"उद्या बाजार उघडल्या उघडल्या विका," बारकी म्हणाली. "उरलेत तेवढे तरी हाती येतील."

"आत्ता विकले तर गेले हे नक्की होईल. सध्या नुसते कमी झालेत."

हे वाक्य बोलणाऱ्या माणसांची नक्कल मामानं तिला एकदा करून दाखवली होती, तेव्हा ती पोट धरून हसली होती. आता ती रडली, भांडली, हातापाया पडली. बाबा हटले नाहीत. भाव रोज थोडा थोडा खचत गेला, आणि मग कंपनीच्या हिशेबांत घोळ निघाला म्हणून त्या शेअरचे बाजारातले व्यवहारच थांबवले गेले. आता विकायचं म्हटलं तरी विकता येत नव्हतं.

आई चिडली नाही, तेच वाईट झालं. जिना चढताना कठड्याला धरून ती मध्येच थांबली, आणि मागून पिशवी घेऊन येणाऱ्या लेकीला शांतपणे म्हणाली, "तुझं शिक्षण आम्हाला महागात पडलं गं."

त्या रविवारी बारकी मामाकडे गेली. झालेलं सगळं त्याला सांगितलं. तो डावा हात तिच्या मनगटावर ठेवून ऐकत होता.

"मी सगळं तू सांगितलंस तसंच केलं, मामा. चूक माझी आहे का?"

"हो हो," मामा म्हणाला.

मग त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं. त्यानं जोरजोरात मान हलवली, ओठ वेडेवाकडे केले, सगळी ताकद लावली. बाहेर पडलं ते पुन्हा तेच, "हो हो. हो हो."

तिला माहीत आहे की तो दुसरं काही बोलूच शकत नाही. मला हे सांगताना तिनं तसं दोनदा म्हटलं. पण त्यानंतर तिचा रंगावरचा हात गेला. हल्ली ती दात उजेडात धरते, पुन्हा धरते, मग माझ्याकडे आणून विचारते, "हाच रंग ना? नक्की ना?" मी हो म्हटलं तरी तिची खात्री पटत नाही. मालक कुरकुरायला लागलेत.

बाबा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून एका गोदामाच्या फाटकावर राखणदार म्हणून बसायला लागले. सकाळी निघण्याआधी ते फोन उघडतात. व्यवहार बंद असल्यानं भाव आहे तिथंच गोठलाय.

"बघ," ते लेकीला स्क्रीन दाखवून म्हणतात, "आजही खाली गेला नाही."

ती बघते, डबा उचलते आणि लॅबला येते.