दाराबाहेरच्या चपला

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी बाबांना पुण्याहून जर्सी सिटीला घेऊन आले, ते परत पाठवायचं नाही असं मनाशी ठरवूनच. नवऱ्याला मात्र 'सहा महिन्यांसाठी' असं सांगितलं होतं. त्याची हरकत नव्हती, पण बाबांच्या गप्प बसण्याचं त्याला दडपण यायचं.

बाबा फौजेत मेजर होते. आफ्रिकेतल्या एका देशात माणसं आपल्याच शेजाऱ्यांना कोयत्यांनी कापत सुटली होती, तेव्हा बाबा निळं हेल्मेट घालून शांतिसेनेत तिथे होते. जीव धोक्यात घालून त्यांनी पुष्कळ लोकांना वाचवलं आणि त्याबद्दल त्यांना मेडल मिळालं. त्या देशाचं नाव त्यांनी घरात कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. आईने ते मेडल साड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. मी ते बॅगेत टाकून आणलं आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये लावलं. मला मिरवायची हौस भारी.

बाबांची एकच खोड होती. आमच्या मजल्यावर अर्धेअधिक देशी लोक, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये दारोदार चपलांचा पसारा. मॅनेजमेंट नोटिसा लावून थकलं होतं. बाबा मात्र आमच्या दाराबाहेर एक जोड राहू देत नसत. मी काढून ठेवलेल्या चपला आत आणून पलंगाखाली सरकवत. माझं डोकं फिरायचं. लहानपणी मी बूट घालून घरात पाऊल टाकलं तर हेच बाबा डोळे वटारायचे. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

त्या वर्षी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता. संध्याकाळी आरतीला नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी आणि शेजारीपाजारी मिळून घर गच्च भरलं. नवऱ्याच्या टीममधल्या नागपूरच्या एका मुलाने मेडल पाहिलं, माझ्याकडून त्याची हकीकत ऐकली आणि तो बाबांच्या शेजारी जाऊन बसला.

"काका, सॉलिड यार! किती लोकांना सेव्ह केलं तुम्ही?"

बाबा उठून गेले. आरती झाली, प्रसाद झाला, लोक निघाले, तर बाहेर एकही चप्पल नाही. बाबांनी सगळ्यांच्या चपला चादरीत भरून बाथटबमध्ये ओतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातच विसर्जन करायचं म्हणून मी तो टब सकाळी घासून घासून धुतला होता!

सगळे हसत होते, तो मुलगा सगळ्यांत जास्त. शेजारच्यांच्या लेकीच्या छोट्या गुलाबी चपला त्याने उचलल्या आणि दार उघडलं. "काका, रिलॅक्स! इथे कोणी चोरत नाही," असं म्हणत त्याने त्या कॉरिडॉरमध्ये भिरकावल्या.

बाबांनी त्याची मान धरली आणि तोंड चौकटीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. त्याचा ओठ फाटला, दात तुटला, पांढऱ्या झब्ब्यावर रक्त सांडलं. "पिक देम अप! पिक देम अप!" बाबा त्याच्या कानाशी ओरडत होते. तिघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे त्यांची पकड सुटली. ज्या मुलीच्या चपला, ती गणपतीच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. तिला बाहेर काढता काढता तिच्या आईच्या नाकी नऊ आले.

सकाळी नवरा म्हणाला, "बाबांचं तिकीट प्रीपोन करूया. उद्या आपल्याला मूल झालं तर ह्यांच्या भरवशावर ठेवायचं का?"

उत्तर नसलं की मला राग येतो. बाबा गणपतीसमोर जमिनीवर बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि बोलू नये ते सगळं बोलले. "लाज वाटते मला तुमची. का मारलंत ते सांगा, नाहीतर आज मीच तुम्हाला विमानात बसवते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गणपतीकडे बघतच ते बोलायला लागले.

"आमचा तळ एका शाळेत होता. मी ट्रक घेऊन जायचो आणि लपलेली माणसं घेऊन यायचो. मारणारे रस्त्यात ओंडके टाकून बसलेले असत, दारू पिऊन, कोयते घेऊन. आम्हाला गोळी चालवायची परवानगी नव्हती. एकाने माझ्या गळ्याला कोयता लावला. त्याच्या पात्याला कुणाचे तरी केस चिकटले होते. मी त्याला सिगारेट दिली. तो हसला आणि त्याने ट्रक सोडला. मागे तांदळाच्या पोत्यांखाली माणसं होती.

"वर्ग भरून गेले. मग मी एका बाईला आणलं, तिच्या दोन मुली, म्हातारा सासरा. जागाच नव्हती. टोकाच्या एका खोलीत जवानांनी गणपतीची तसबीर लावून मंदिर केलं होतं. म्हटलं, इथे ठेवू. ती आत पाय टाकणार, तेवढ्यात मी तिला अडवलं." बाबांनी हात आडवा धरून दाखवला. "पायांकडे बोट केलं. चपला बाहेर. मला विचारसुद्धा करावा लागला नाही. देवाच्या खोलीत आपल्याकडे कोण चपला घालून जातं? तिने मुलींच्या काढल्या, म्हाताऱ्याच्या काढल्या, भिंतीशी नीट जोडीने ठेवल्या. मी दार ओढून घेतलं आणि पुढच्यांना आणायला गेलो.

"ते कोयतेवाले शाळेच्या मागच्या भिंतीवरून आले. आमचे जवान पुढच्या फाटकावर होते. व्हरांड्यात सगळी दारं बंद. कुठल्या दारामागे माणसं आहेत आणि कुठल्या दारामागे बंदुका, हे त्यांना कळेना. फक्त एका दाराबाहेर लहान मुलींच्या चपला होत्या."

"बाबा, पुरे," मी म्हटलं. ते थांबले नाहीत.

"मी आलो तेव्हा दाराखालून रक्त बाहेर आलं होतं. चपला त्यात भिजल्या होत्या. म्हातारा दाराशीच होता. त्याने दार धरून ठेवलं असणार, कारण त्याचे हात मनगटापासून तुटले होते. बाईने मुलींना अंगाखाली घेतलं होतं. घाव तिच्यातून मुलींपर्यंत गेले होते. धाकटी जिवंत होती. माझ्या मांडीवर थोडा वेळ होती जिवंत.

"मेडल त्याच्यानंतरचं. उरलेल्या सगळ्यांना ट्रकमध्ये भरून नेलं. त्या वेळी मी परवानगी मागितली नाही. ओंडक्यांपाशी गोळ्या घातल्या. जे हटले नाहीत त्यांच्या अंगावरून ट्रक नेला. हाडं मोडतात ते स्टिअरिंगवर हाताला कळतं. एकजण ट्रकच्या दाराखालच्या फळीवर चढला, त्याने इथे वार केला." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तो व्रण काटेरी तारेचा आहे असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. "ट्रकमधले सगळे पोचले. लोक विचारतात, किती वाचवले. मला त्यांच्यातला एक चेहरा आठवत नाही."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. रात्रभर साठलेला राग कुठे गेला कोण जाणे. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो बाहेर गेला, स्वतःचे बूट आत घेऊन आला आणि शोकेसमधलं मेडल काढून मला म्हणाला, "हे परत साड्यांत ठेव." तिकिटाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

बाबांनी त्या मुलाच्या घरी जाऊन हात जोडून माफी मागितली. कारण सांगितलं नाही. तो आमच्याकडे पुन्हा कधी आला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या गणपतीला सगळ्यांच्या चपला घरात, मखरापासून चार हातांवर. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. "अगं, देवासमोर चपला?"

"आमच्या गणपतीला चालतं, काकू," माझा नवरा म्हणाला.

तेवढ्यात ती टेबलाखाली बसलेली मुलगी आईबरोबर आली. वर्षभर ती बाबांना पाहिलं की आईच्या मागे लपायची. आत यायच्या आधी ती शिकवल्याप्रमाणे दाराबाहेर वाकली आणि चपलेचा पट्टा सोडायला लागली. बाबा उठले आणि तिच्यापुढे गुडघ्यावर बसले.

"नको काढूस, बेटा. तशीच आत ये."

"बट गणपती इज देअर," ती म्हणाली.

"असू दे. तशीच ये."

तिने पट्टा पुन्हा लावला आणि हात पुढे केला. ती चपला घालूनच गणपतीसमोर उभी राहिली. आरती संपेपर्यंत बाबांनी तिचा हात सोडला नाही.