शीतनिद्रा

चहात आलं जरा जास्तच पडलंय. मुलगी कप माझ्या खुर्चीपाशी ठेवून वळली, आणि त्या वासासरशी मी सातवीत जाऊन पोचले.

कोथरूडची शाळा, मराठीचा तास. विज्ञानकथेचा धडा होता. आमच्या बाई आधी अवघड शब्द फळ्यावर लिहायच्या, त्यांची वाक्यं करून घ्यायच्या आणि मगच पुस्तक उघडू द्यायच्या. निर्वात म्हणजे आत काहीच नसलेलं. शीतनिद्रा म्हणजे लांबच्या प्रवासात अंतराळवीरांना गारठवून वर्षानुवर्षं झोपवतात ती.

मी उभी राहिले. "कारखान्यानं घरी बसवल्यापासून माझे बाबा शीतनिद्रेत आहेत."

वर्ग हसला. बाई नाही हसल्या. "वाक्य बरोबर आहे, बस. हसणाऱ्यांनी आता 'निर्वात'चं वाक्य करा. लांब शोधू नका, आपापल्या डोक्यात बघा."

ती कथा मला अजिबात आठवत नाही. आठवतो तो घरी येऊन केलेला आल्याचा चहा. बाबांच्या खुर्चीपाशी कप ठेवायचा आणि साय धरली की तसाच उचलायचा. ते भिंतीकडे बघत असायचे. त्यांना काही कळतच नाही, असं मी धरून चालले होते.

कंपनीनं मला कमी केलं, लॅपटॉप परत घेतला, त्याला बरेच दिवस झाले. मीही भिंतीकडे बघत बसते. वाईटसुद्धा वाटत नाही. पण कप टेकल्याचा आवाज येतो. मुलगी दाराशी क्षणभर थांबते, तेही कळतं. फक्त मान वळत नाही.

म्हणजे बाबांना सगळं ऐकू येत होतं.