गटारात कोण उतरतं, हे विचारणारी टोळी

शाळेत असताना मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी कॉमिक्स आणत असे. हिंदीतली, मुखपृष्ठ फाटलेली. त्यातली मला सगळ्यात आवडायची ती एका जगातून दुसऱ्या जगात उडी मारणाऱ्या सुपरहिरोंच्या टोळ्यांची. एका जगात समुद्र आकाशात असायचा. एकात माणसं म्हातारीच व्हायची नाहीत. एकात मोठं युद्ध भलत्याच बाजूने जिंकलेलं असायचं. टोळीतल्या प्रत्येकाला तिथे स्वतःचा जुळा भेटायचा. इथला भित्रा तिथे राजा, इथली मास्तरीण तिथे दरोडेखोर.

मग एकदा एका चित्राच्या कोपऱ्यात मला एक माणूस दिसला. शहर उडत्या मोटारींचं होतं, इमारती काचेच्या होत्या आणि खाली तो झाडू मारत होता. मी खाटेखालची सगळी कॉमिक्स बाहेर काढली आणि पानं उलटत बसले. आकाशातल्या समुद्राच्या जगातही झाडूवाला होता. अमर माणसांच्या जगातही होता. राजा बदलत होता, सूर्याचा रंग बदलत होता, याचा झाडू तेवढा हातातच होता. इतिहास उलटापालटा करायची हिंमत त्या चित्रकारांत होती. झाडूला हात लावायची नव्हती.

मी ते बाबांना दाखवलं. बाबा हिंगण्याच्या एका कंपनीत होते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या घरात पत्रकांच्या घड्या घालायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र नीट पाहिलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "आता माझ्याजवळ रडून राहिली का? लिही."

आमच्या घरात सगळ्यात आधी वाचायला मिळालं ते पत्रक. बालगीतं नंतर आली, तीही शाळेतून. नळाला पाणी का नाही, कंत्राटी कामगाराला पगारी रजा का नाही, वस्तीतल्या दवाखान्याला कुलूप का आहे, हे सगळं मला अक्षरओळखीबरोबर आलं. आई चमच्याच्या दांड्याने घडी दाबायची, मी गठ्ठे लावायची. पत्रकाखाली कधी लिहिणाऱ्याचं नाव नसायचं. "नाव टाकलं की लोक मजकूर सोडून नावाकडे पाहतात," बाबा सांगायचे. कायद्यासाठी प्रेसचं नाव तेवढं बारीक अक्षरांत तळाला असायचं, आणि त्याच्यावर एक ओळ: वाचा, पुढे द्या. घरात एखादं पत्रक उरलं, तर बाबांना ते वाया गेल्यासारखं वाटायचं. आम्ही एकही प्रत जपून ठेवत नसू. पत्रक ठेवायची वस्तूच नव्हती.

आमच्या मागच्या गल्लीत माझ्याच वयाचा एक मुलगा राहायचा. त्याचे वडील बाबांच्याच कंपनीत, बाबांच्याच पाळीत. तोही आमच्याकडे घड्या घालायला यायचा, पण त्याचं घडीत लक्ष नसायचं. पत्रकाच्या कोऱ्या बाजूला तो बॉलपेनने माणसं काढायचा. हात फार सुंदर होता त्याचा. बाबा ओरडायचे, "अरे, कागद लोकाईसाठी आहे." तो म्हणायचा, "काका, ही लोकंच तर काढून राहिलो."

आम्ही दोघं मोठे झालो. मी लिहायला लागले, तो चित्रकलेच्या खासगी क्लासमध्ये शिकवायला लागला. आणि एका उन्हाळ्यात आम्ही आमचं स्वतःचं कॉमिक करायला घेतलं.

कल्पना अशी. हिंगण्यातली एक कंपनी बंद पडलेली आहे. तिचं गंजलेलं शटर वर केलं की दर वेळी पलीकडे वेगळं जग निघतं. टोळीत चौघं: क्रेन चालवणारी एक बाई, जिचा एक हात म्हणजेच अख्खी क्रेन आहे, एका इस्पितळातली आया, जिने हात धरला की माणूस खोटं बोलू शकत नाही, गटारसफाई करणारा एक माणूस, जो कुठल्याही विषारी हवेत श्वास घेऊ शकतो, आणि एक पोरगी, जिला प्रत्येक जग आठवतं. नव्या जगात पाय ठेवला की ते आधी एकच प्रश्न विचारतात, "इथं गटारात कोण उतरतं?" उत्तरावरून त्यांना कळतं, हे जग खरंच वेगळं आहे की नुसतं रंगवलेलं.

"उत्तर काय देतील लोकं?" त्याने विचारलं होतं.

"बहुतेक ठिकाणी तेच."

"आन् मग आपली टोळी काय करते? मारामारी?"

"शटर पाडते आणि पुढच्या जगात जाते."

"हे काय वं! सुपरहिरो आन् एक ठोसा बी नाई?" त्याने कपाळावर हात मारला. "एक तं मारू दे बापा. क्रेनवालीचा हात काय शोभेसाठी काढू का?"

एक ठोसा मी मान्य केला. तो त्याने अख्खं पान भरून काढला. काय पान होतं ते! हवेत उडालेला ठेकेदार, त्याची सुटलेली चप्पल, आणि खाली उभ्या बायकांपैकी एकीच्या तोंडाला लागलेला पदर. ती हसते आहे की घाबरली आहे, ते कळत नव्हतं. मी ते पान पाहिलं आणि माझे संवाद त्यावरून काढून टाकले.

छापायच्या आदल्या दिवशी प्रेसवाल्याने विचारलं, नावं काय टाकू? आम्ही दोघंही एकदमच बोललो, नावं नाहीत. कुणी कुणाला पटवलं नाही. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्याने सवयीने छोटी सही केलेली होती. ती त्यानेच ब्लेडने खरवडून काढली. तळाला प्रेसचं नाव आणि वर ती ओळ आली: वाचा, पुढे द्या.

दसऱ्याच्या दिवसांत आमच्या मैदानावर दूरदूरची माणसं येतात आणि जाताना पुस्तकं नेतात. तिथे पुस्तकांचे मांडव लागतात. आम्ही एका कोपऱ्यात बांबूच्या तट्ट्यावर मूळ चित्रं खळीने चिकटवली आणि समोर कॉमिकचे गठ्ठे ठेवले. सावनेरकडून आलेल्या बायका तट्ट्यासमोर उभ्या राहून क्रेनवालीला बोट लावून बघत होत्या. एक आजोबा आमच्यासमोरच उभ्याउभ्या सगळं वाचून गेले आणि जाताना म्हणाले, "पुढचा अंक लवकर काढा, माझ्याकडं वेळ कमी आहे." संध्याकाळी छापील प्रती संपल्या. लोक तरी येतच होते. मग आम्ही तट्ट्यावरची चित्रं सोडवायला लागलो आणि मागेल त्याला देत गेलो. एकाने दोन मागितली, दोन दिली. जाड चष्म्याचा एक कॉलेजचा मुलगा बराच वेळ प्रत्येक पान निरखत होता. त्याने ठोशाचं पान मागितलं.

"ने ना भाऊ," माझा मित्र म्हणाला आणि पान फाटू नये म्हणून गुंडाळून सुतळीने बांधून दिलं. बरोबर बाकीची चार-पाचही दिली.

मैदानातून रिकाम्या हातांनी घरी येण्याइतका आनंद आम्हाला दुसरा माहीत नव्हता.

पुढच्या वर्षी बाबांची आणि त्याच्या वडिलांची कंपनी बंद पडली. आमच्या कथेतल्यासारखं शटरही खाली आलं, फक्त त्याच्या पलीकडे काही निघालं नाही. त्याच्या क्लासच्या पगारावर त्यांचं घर चालेना. तेवढ्यात रामदासपेठेतल्या एका स्टुडिओला कॉमिक्ससाठी चित्रकार हवे असल्याचं कळलं. पक्की नोकरी, आणि दिवसभर तेच काम, जे तो चोरून करत आला होता. त्याची आई त्या आठवड्यात दोनदा आमच्याकडे येऊन गेली. "याचं तिथं होऊन जाईन ना वं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, होईल. मला एक क्षणही शंका नव्हती.

मी त्याच्यासोबत गेले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कुणा नातेवाइकाकडून मागून आणलेली आमच्याच कॉमिकची प्रत हातात होती. स्टुडिओतल्या साहेबांनी प्रत पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो."

"नाव कुठे आहे?"

"नाव आम्ही टाकलं नाही," मी म्हटलं. "चित्रं याची, मजकूर माझा."

"मॅडम, यावर फक्त प्रेसचं नाव आहे. मग प्रेसवाल्याला नोकरी देऊ का?" ते हसले. "ओरिजिनल्स आणा ना. चित्रकाराकडे ओरिजिनल्स असतात."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला त्यांच्या मागची भिंत दिसली. काचेच्या फ्रेममध्ये ठोशाचं पान लावलं होतं. उडालेला ठेकेदार, सुटलेली चप्पल, तोंडावरचा पदर. कडांना आमची खळ पिवळी पडली होती.

"ते पान याचं आहे," मी म्हटलं.

"ते आमच्या एका आर्टिस्टचं आहे. त्याच्या पोर्टफोलिओमध्ये होतं. सहा पानं आहेत, ओरिजिनल."

आतल्या टेबलावरून जाड चष्म्याचा एक मुलगा उठला आणि आमच्याकडे न बघता चहाच्या मशीनकडे गेला. मग तिथेच उभा राहिला.

मी आवाज चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक विचारलं ते आठवतं: त्याला तुम्ही विचारलंत का, सही कुठे आहे म्हणून? साहेब म्हणाले, त्याच्याकडे कागद होते, विचारायची गरज काय? मी म्हटलं, मग आम्हाला विचारायची कशी पडली? याचं उत्तर मला माहीत आहे. आमची भाषा, आमची वस्ती, शर्टाची ती ताजी इस्त्री, हे सगळं त्यांनी कॉमिकच्या आधी वाचलं होतं.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले, "भांडण नको. आत्ता काढून दाखवा." त्यांनी कागद सरकवला.

माझ्या मित्राने क्रेनवाली काढली. तीच बाई, पण आता दमलेली, शटरला टेकून बसलेली, तो अवजड हात मांडीवर घेऊन. आमच्या कॉमिकमध्ये ती अशी कधीच बसली नव्हती. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली.

साहेबांनी कागद उचलून भिंतीवरच्या चित्राशेजारी धरला.

"हुबेहूब," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुमचा. पण ही स्टाइल आमच्याकडे ऑलरेडी आहे. आम्हाला कॉपी करणारा नको, स्वतःचं काढणारा पाहिजे."

टोळीतल्या प्रत्येकाला दुसऱ्या जगात स्वतःचा जुळा भेटतो, हे मी लहानपणापासून वाचत आले होते. जुळा आधीच येऊन खुर्चीत बसलेला असेल, आणि आपणच आपली नक्कल ठरू, असं मात्र कुठल्याच अंकात नव्हतं.

जिन्यात मी त्या चष्मेवाल्याला शिव्या देत होते. माझा मित्र दोन पायऱ्या खाली थांबला.

"त्यानं काई चोरलं नाई वं," तो म्हणाला. "म्याच बांधून देलं. सुतळीनं."

"पण स्वतःचं आहे असं त्यानं सांगितलं."

"मंग? आपण तं कोणाचंच नाई म्हणून सांगतलं होतं."

मी त्याला म्हटलं, आपण चूक नव्हतो. आजही म्हणते. मैदानावर रिकाम्या हातांनी परतणारी माणसं चूक असतील, तर जग दुरुस्त करायला हवं, माणसं नाही. तो ऐकून घेतो. त्याच्या आईला मात्र मी अजून तोंड दाखवू शकत नाही.

त्या सहा पानांवरून केलेलं त्या स्टुडिओचं कॉमिक आता मोबाइलवर येतं. शटरचं चमचमतं दार झालं आहे. क्रेनवालीला कमांडो केलं आहे. गटारसफाईवाला विनोदी पात्र आहे, तो आला की बाकीचे नाक दाबतात. नव्या जगात पोचल्यावर टोळी विचारते, "इथला खलनायक कोण?" मी प्रत्येक भाग पाहते. कोपऱ्यांत पाहते. झाडूवाला परत आला आहे.

माझा मित्र फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. नेत्यांचे वाढदिवस, त्यांच्या पुतण्यांच्या निवडी, त्यांच्या गाड्यांची स्वागतं. दिवसभर तो इतरांची नावं मोठी करतो. चेहरे उजळ करतो, कपाळावरच्या आठ्या पुसतो. चौकाचौकात त्याचं काम लागलेलं आहे आणि पाऊस आला की लोक त्याच्या ताडपत्र्या करतात. बाबा त्याला म्हणाले, पुढचा अंक करा, या वेळी खाली नाव टाका, माझी काही हरकत नाही. बाबांसारख्या माणसाने हे म्हणणं सोपं नव्हतं. तो म्हणाला, "काका, आता बोटं दुखतात." त्याची बोटं दुखत नाहीत.

हे लिहून झाल्यावर मी त्याच्या दुकानात गेले. तो कुणाच्या तरी दातांना पांढरा रंग देत होता. मी त्याला सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, या वेळी तुझं नाव टाकते, पूर्ण, आडनावासकट, पहिल्याच ओळीत.

त्याने माउस सोडला. आधी दुकानाच्या दाराकडे पाहिलं, मालक आहे का ते.

"नको टाकू," तो म्हणाला.

"काहून?"

"सेठनं वाचलं तं हे बी काम जाईन."

आणि तो पुन्हा दातांकडे वळला.