रिकामी शाळा

पिकल्या चिकूचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. मी नववीत होते. आमच्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनाला शाळेचा माजी विद्यार्थी, बोर्डीकडचा एक चिकूच्या वाडीवाला शेठ पाहुणा म्हणून आला होता. त्याची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत जायची. मांडवात आम्ही आदिवासी पाड्यांवरची पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, मागे जागा नव्हती म्हणून कितीतरी उभी होती. शेठ माइकवर म्हणाला, "आमच्या वेळी ही शाळा कशी भरलेली असायची. आता रिकामी झाली, बघवत नाही." शेजारची मैत्रीण पुटपुटली, "आपण याला दिसत नाय काय?" तेवढ्यात सरांनी खूण केली आणि सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. मग शेठने आणलेले चिकू वाटले. ते माझ्या आईनेच आदल्या दिवशी त्याच्या वाडीत बसून निवडले होते. आज मी त्याच शाळेत शिकवते. परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी चिकूची टोपली पाठवली. एक सर चिकू सोलता सोलता म्हणाले, "मॅडम, शाळेत आता मुलंच राहिली नाहीत हो." मी त्यांच्यासमोरून टोपली उचलली आणि माझ्या वर्गात नेऊन वाटली. चिकू पुरले नाहीत.