सेऊल जवळ, सिन्नर लांब

आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती तेव्हा पाय नेतील तेवढंच आमचं जग होतं. आप्पा दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचे, बाजाराला बिडकीनपर्यंत चालत जायचे. आत्याला वैजापूरकडं दिलेली. आजी गेली तेव्हा आत्याला सांगावा (निरोप) मिळाला, गाडी मिळाली नाही. ती येईपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून आईनं घरात कायदा केला: सकाळी बोलावलं तर दिवस मावळायच्या आत येता येईल, एवढ्याच अंतरावर लेक धाडायची.

मी इंजिनिअर झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, हे सांगायला मी लाजत नाही. बिडकीनजवळच्या कारखान्यात लागले आणि त्यांनी मशीन शिकायला तीन महिने सेऊलला (कोरियात) पाठवायचं ठरवलं. शिकून आले तर नोकरी कायम.

“किती लांब हाय?” आईनं विचारलं.

“मुंबईहून विमानानं आठ तास.”

“इथून मुंबईलाच तेवढे लागत्यात. मला येडी समजती व्हय?”

आठवडाभर ती नाहीच म्हणत राहिली. शेवटी ती म्हणाली, “जा. पण विमानात बसशील त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत पोचल्याचा फोन पायजे. नाय आला, तर तशीच माघारी.”

आप्पा मुंबईपर्यंत सोडायला आले. विमानतळाच्या दारात शिपायानं त्यांना अडवलं.

“माझी लेक हाय ती!”

“काका, इथं सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या लेकीच आहेत.”

आप्पा बिचारे मागं फिरले आणि सकाळच्याच बसनं घराकडं निघाले.

विमानात शेजारी एक कोरियन आजोबा होते. मी ठेचा पुढं केला. त्यांनी चमचाभर तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि डबा स्वतःकडं ओढून घेतला. तेवढ्यात माझं खिडकीकडं लक्ष गेलं. सूर्य बुडत होता. ठेचा राहिला बाजूला.

उतरले तर बाहेर मिट्ट काळोख आणि हाडं गोठवणारी थंडी. रांग हलेना, फोन लागेना. परतीच्या तिकिटाचं कुणाला विचारावं, इथवर मी आले होते. एकदाचं नेट मिळालं. पडद्यावर आई अंगणात तूर पाखडत बसलेली.

“आई, पोचले गं! अंधार झाला, पण—”

“कशाचा अंधार? उन्हानं डोळे दिपाया लागलेत माझे.”

सेऊलचा दिवस आपल्यापुढं साडेतीन तास असतो, हे शाळेत शिकलेलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. माझा दिवस मावळला होता, आईचा अजून झाडांच्या वर होता. आणि अटीत धरायचा होता तो आईचाच.

“आप्पांना दे की.”

“ते कुठं आलेत अजून?”

आप्पांनाही त्याच कॉलवर घेतलं. बसचा पट्टा तुटून ते सिन्नरला अडकले होते. आईनं ऐकलं आणि म्हणाली, “अवो, लेक कोरियात पोचली. आता तिलाच सांगावा धाडू का, तुमाला सिन्नरहून आणाया?”

मी जिथं राहिले तिथली आजुम्मा (मावशी) पहिल्याच दिवशी कोबीचं तिखट लोणचं वाढताना फोनवर भाषांतर करून विचारत होती, घर किती लांब? मी म्हटलं, “सिन्नरपेक्षा जवळ.” तिनं फोनच बिघडला समजून तो दोनदा आपटला.

तीन महिन्यांनी मी परत आले. तेव्हापासून स्थळ आलं की आई गाव विचारत नाही, गाडी कुठली लागते ते विचारते. ज्या मशीनला हात लावायला आधी बाहेरून माणूस बोलवावा लागे, ते आज मी चालवते. नोकरी कायम झाली.