आंब्याखालचा ढीग

हळद काढणीच्या दिवसांत आमच्या कुरुंद्याच्या वाऱ्यालाही शिजत्या हळदीचा वास येतो. अशा दुपारी लॅपटॉप घेऊन बसलं, की मी काम करतेय का डुलक्या काढतेय, हे माझं मलाच कळत नाही.

गावातल्या हळद गटासाठी मी एक ॲप केलं होतं. त्यात 'हळद' हा मूळ क्लास, म्हणजे कोडमधला साचा, आणि त्याची दोन लेकरं, हळकुंड आणि बेणं. शेत, काढणीचा दिवस, वजन हे दोघांचं सारखंच. पण हळकुंड शिजवायचं असतं आणि बेणं पुढच्या लागवडीला कच्चंच राखायचं. कोडमधल्या गोष्टी डेटाबेसात मांडणाऱ्या ओआरएमने सगळ्यांना डेटाबेसच्या एकाच तक्त्यात बसवलं होतं. कोण कोणता, ते 'प्रकार' या रकान्यावरून ओळखायचं. रकाना रिकामा राहिला, तर तो ढीग नुसती हळद धरला जाई आणि शिजवायला जाई.

आंब्याखाली ठेवलेलं आईचं बेणं तिच्या माहेरचं. आजी गेली, घर विकलं गेलं. माहेर म्हणून तिच्याकडे एवढंच उरलंय. शिजलेलं बेणं पुन्हा उगवत नाही.

एके दुपारी स्क्रीनवर दिसलं : आंब्याखालचा ढीग, शिजवायला घेतला. प्रकार रिकामा. मी अनवाणीच पळाले. हळद शिजवणारे कुकरवाले बाहेरगावचे, मोबाईल सांगेल तो ढीग उचलणारे.

आंब्याखाली सगळं शांत होतं. ढिगावरच्या वाळल्या पाल्यावर डोकं टेकून आई गाढ झोपली होती आणि कुकरवाले टोपली उशाला घेऊन सावलीत पडले होते.

"माय झोपली व्हती," त्यातला एक हळूच म्हणाला. "काहून उठवावं?"

मीही तिथेच बसले. पिवळट कवडसे तिच्या तोंडावर हलत होते. मला रडू येत होतं आणि झोपही.

जागी झाल्यावर, नोंद करताना प्रकाराचा रकाना रिकामा का ठेवला, ते तिला विचारलं. "आंब्याखाली काय असतंय, हे बी लिहावं लागतंय का?" ती म्हणाली.

संध्याकाळी मी तक्ते वेगळे केले. सामाईक तेवढं मूळ तक्त्यात ठेवलं, शिजवणं एकट्या हळकुंडाकडे दिलं.

"मंग माजं बेणं कुठंय आता?"

"वेगळ्या तक्त्यात."

"येगळं न्हाई करायचं. हाय तिथंच राहू दे त्याला."

मग त्या तक्त्याला मी 'आंब्याखाली' असं नाव दिलं.