फायबरआबांची पिवळी बोटं

फायबरआबांच्या उजव्या हाताची बोटं बारा महिने पिवळी असत. नवखा माणूस हमखास विचारायचा, "घरात लगीन हाय का?" आबा बोटांकडे बघत म्हणायचे, "हाय की, लाँचचं. दरसाल लागतं आन् दरसाल मोडतं."

आबा बावड्याचे. उमेदीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे, म्हणून हे नाव. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्यावर. पलीकडच्या काठाला जायला माझी लाँच होती. तिच्या पोटात फायबरच्या दोन टाक्या. माणसं कमी असली की त्यांत पाणी भरायचं, म्हणजे वजनानं लाँच वाऱ्यात डगमगत नाही. पण टाकी गळाली की ते पाणी तळात इकडून तिकडे धावतं, लाँच कलते आणि प्रवासी देवाचा धावा करू लागतात.

गळती शोधायची आबांची रीत बायकांच्या धुण्यातून आलेली. टाकीला बाहेरून साबणाचा हात देऊन तो वाळू द्यायचे. मग स्पिरिटमध्ये घोळवलेली हळद पाण्यात कालवून टाकी भरायचे आणि न पेटवलेली बिडी तोंडात धरून बसायचे. जिथं चीर असेल तिथं पिवळं पाणी साबणाला लागून लालभडक व्हायचं. "कुंकू लावलं बघा तिनं," म्हणत आबा त्या ठिपक्याभोवती खडूनं गोल काढत. केसाएवढी चीर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मला मात्र त्या ठिपक्यांनी धडकी भरायची, कारण ते दर वर्षी वाढत होते.

खोटी आशा लावणं त्यांना जमत नव्हतं. "झालं का, आबा?" म्हणून विचारलं की म्हणायचे, "ही चीर झाली. गळती गेली म्हनू नका, ती फकस्त फुडं सरकली." जुन्या फायबरमध्ये पाणी मुरलं की त्याला औषध नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगत होते. तरी दर उन्हाळ्यात येत. चीर घासून रुंद करत आणि रेझिनच्या चिकात भिजवलेली काचधाग्यांची मॅट तिच्यावर ठिगळासारखी बसवत. त्याआधी तीन दिवस टाकीत शंभरचा बल्ब पेटता ठेवायचा, हा नियम. "वल्यावर पॅच धरत न्हाय. तीन दिस म्हंजी तीन दिस."

शेवटच्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं लग्न पलीकडच्या गावात होतं. वऱ्हाडाला जीपगाड्या होत्या, पण बँडसकट लाँचनं उतरायची मला हौस. आबा बल्ब लावून बावड्याला गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या मांडवात वायर कमी पडली आणि मी टाकीतली वायर बल्बसकट काढून नेली. परत लावू म्हणता म्हणता राहून गेलं. चौथ्या दिवशी आबा यायच्या आधी सगळं जागच्या जागी ठेवलं. त्यांनी आत हात फिरवला. वरवर टाकी कोरडीच लागत होती.

"तीन दिस पेटला न्हवं?"

"व्हय, आबा."

आबांनी पॅच बसवला. वऱ्हाड नीट उतरलं. परतीला बाकीचे जीपनं गेले, लाँचमध्ये आम्ही चौघंच, म्हणून टाक्या भरल्या आणि मध्यावर पॅच सुटला. कलत कलत कसेबसे काठाला लागलो. त्यानंतर माझ्या लाँचमध्ये कुणी पाय ठेवला नाही.

आबांनी तो पॅच तळहातावर उलटासुलटा करून पाहिला. "असा पापुद्र्यावानी कंदी निगाला न्हवता. हाताला आता कळंना झालंय," एवढंच बोलले. नंतर बोलावणी आली, पण त्यांनी कुणाच्याच टाकीला हात लावला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत मी भित्र्यासारखा गप्प राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

पुढे छातीच्या दुखण्यानं त्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं. सगळं कबूल करायचं ठरवून मी मोसंबी घेऊन गेलो. बोटांवरचा पिवळा रंग पार गेला होता. आबांनीच विषय काढला.

"एक इचारू का तुमाला? त्या टायमाला टाकी खरंच कोरडी हुती?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी.

"व्हय, आबा. कोरडी हुती."

"मग हातच गेला म्हनायचा," आबा म्हणाले आणि हात पांघरुणाखाली घेतला.

त्याच आठवड्यात आबा गेले. लाँच अजून काठावर पालथी पडली आहे. चूक त्यांच्या हाताची नव्हती, हे आता मला एकट्यालाच माहीत आहे.